'स्वामी'चे वाचक आणि थेऊरची चिता

कादंबरी वाचून माणूस काय बोलतो, त्यावरनं त्या कादंबरीचं जेवढं कळतं तेवढंच त्या माणसाचंही कळतं. म्हणून या खेपेला मी एका कादंबरीच्या वाचकांवर लिहितोय. कादंबरी रणजित देसाईंची 'स्वामी'. 1962 साली आली. 1964 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 1980 च्या दशकात दूरदर्शनवर तिची मालिका झाली. त्या मालिकेत रमा झालेल्या मृणाल देव-कुलकर्णी यांनीच 2014 साली 'रमा माधव' नावाचा सिनेमा काढला. म्हणजे साठ वर्षं झाली, तरी माधवराव पेशवा आणि त्याची बायको रमा यांच्यासाठी मराठी माणूस रडतोच आहे.

आमच्या वस्तीतल्या वाचनालयात 'स्वामी'ची एकच प्रत. पुठ्ठा निघालेला, शिवण उसवलेली. शेवटच्या कोऱ्या पानावर वाचकांनी पेन्सिलीनं शेरे मारलेत. बहुतेक शेरे रडणाऱ्यांचे. वाचून जेवण गेलं नाही, असं प्रेम आता होणे नाही, रमामातेला प्रणाम. काही शेरे अभिमानवाल्यांचे. पेशवा असावा तर असा, न्यायी, कर्तबगार, गरिबांचा वाली. आणि एका कोपऱ्यात निळ्या पेनानं आपल्यातल्याच कोणीतरी ठणकावलंय की ही भटाची पुस्तकं वाचनालयात ठेवता कशाला, जाळा. खाली जय भीम.

रडणारे, अभिमानवाले आणि जाळा म्हणणारे असे हे तीन वाचक. तिघांशीही माझं भांडण आहे. पण भांडायचं तर इतिहास हातात घेऊन. नुसता आवाज चढवून काय होत नाही.

आधी अभिमानवाल्यांचं बघू. माधवराव 1745 चा. पानिपत झालं जानेवारी 1761 मध्ये. त्याच वर्षी बाप नानासाहेब गेला आणि सोळा वर्षांच्या पोराच्या गळ्यात पेशवाई पडली. तिजोरी रिकामी, निजाम उशाला, हैदर पायथ्याला, आणि घरात चुलता राघोबा. पोरानं 1763 साली राक्षसभुवनला निजामाला हाणला. हैदरवर मोहिमा काढल्या. चुलत्याला 1768 साली धोडपला धरून आणून कोंडला. रामशास्त्री प्रभुण्यांसारखा न्यायाधीश बाळगला. वेठीला चाप लावला, असं इतिहासकार लिहितात. 18 नोव्हेंबर 1772 ला थेऊरला क्षयानं गेला. वय सत्तावीस. म्हणजे आपल्यातल्या पुष्कळ जणांच्या वयाचा. कर्तबगार होता, हे नाकारून आपण मोठे होत नाही.

पण वेठ बंद केली म्हणतात ती कोणाची? कुणब्याच्या पोराला धरून सरकारी ओझं वाहायला लावायचं, त्याला वेठ म्हणायचे. महारानं गावचा सांगावा न्यायचा, सरकारी माणसाची सरबराई करायची, मेलेली ढोरं ओढायची, रात्री वेशीवर जागायचं. याला वेठ म्हणत नव्हते. याला वतन म्हणत होते! शब्द बदलला की गुलामीचा मान होतो. हे महार वतन मोडायला बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं. ते काय झालं नाही. कायद्यानं वतन गेलं ते 1958 साली, बाबासाहेब गेल्यावर दोन वर्षांनी. माधवरावानंतर दोनशेला चौदा वर्षं कमी. आणि पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्यानं कमरेला झाडू अन् गळ्यात मडकं बांधून फिरायचं, हे बाबासाहेबांनी 1936 साली छापलेल्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात लिहून ठेवलंय.

तेव्हा माधवराव माणूस चांगला होता का वाईट, यावर मला घसा कोरडा करायचा नाही. चांगला होता असं धरून चालू. चांगल्या माणसाच्या हातातसुद्धा ते राज्य जातीनंच चालत होतं, हे अभिमानवाल्यांनी ध्यानात घ्यावं. राजाच्या स्वभावावर ज्याचं भलंबुरं ठरतं त्याला प्रजा म्हणतात, नागरिक म्हणत नाहीत. नागरिक आपण झालो 1950 ला.

आता आपला निळ्या पेनवाला. त्याचा राग मला कळतो. पण बाबा, रणजित देसाई ब्राह्मण नव्हते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोवाडच्या जमीनदार घराण्यातला हा लेखक. मग पेशव्याच्या संसारावर त्यानं एवढी माया का केली? ज्या बहुजनांचं पेशवाईत नुकसानच झालं त्यांच्या पोरीबाळी ही कादंबरी उशाखाली का ठेवतात? आणि आपल्या वस्तीत तिची शिवण उसवेपर्यंत ती वाचली कोणी? लेखकाची जात सांगून यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. पुस्तक जाळून तर अजिबात नाही. मनुस्मृती 25 डिसेंबर 1927 ला महाडात जाळली ती जाहीर, कारण सांगून, ठराव करून. त्या पोथीचा माणसांवर कायदा चालत होता म्हणून. कादंबरीचा कायदा नसतो. कादंबरीची गोडी असते. गोडी जाळता येत नाही, ती कशाची आहे ते सांगावं लागतं.

म्हणून मी येतो रडणाऱ्यांकडं. माझं खरं भांडण यांच्याशी, कारण हे लोक वाईट नाहीत. आपल्या आया-बहिणी यांच्यात आहेत.

हे रडतात कशावर? माधवराव गेला आणि रमाबाई थेऊरला त्याच्या चितेवर सती गेली यावर. आता तेवढाच भाग बाजूला काढून बघा. 1753 साली यांचं लग्न झालं तेव्हा नवरा आठ वर्षांचा होता. बायको त्याहून लहान. पोटी मूल नाही. नवरा गेल्यावर पंचविशीही न गाठलेली एक बाई जिवंत जळाली. कागदावर एवढंच आहे. बाकीचं सगळं गोड आवरण आहे, आणि डोळ्यांतलं पाणी त्या आवरणामुळं येतं.

आता त्याच घरातल्या बाकीच्या बाया बघा. माधवरावाची आई गोपिकाबाई 1761 ला विधवा झाली. सती गेली नाही. पेशव्याची आई होती, कारभारात बोलत होती. पुढं नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिली आणि 1788 पर्यंत जगली. चुलती पार्वतीबाई, सदाशिवरावभाऊंची बायको. नवरा पानिपतावर मेला हे तिनं मानलंच नाही, कुंकू पुसलं नाही, जगली. धाकटी जाऊ गंगाबाई. नवरा नारायणराव 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात कापला गेला, तेव्हा ही पोटुशी होती. तिला कोणी चितेवर जाऊ दिलं नाही, कारण पोटात पेशवाईचा वारस होता. 1774 ला सवाई माधवराव जन्मला. चुलतसासू आनंदीबाई. राघोबा 1783 ला गेल्यावर तीही विधवा होऊन दहाएक वर्षं जगली.

आता वाचकांना विचारा, यातली देवी कोण? एका सुरात उत्तर येतं, रमा. गोपिकाबाई? हेकट, खाष्ट, पोराच्या संसारात विष कालवणारी. आनंदीबाई? 'ध'चा 'मा' करणारी कैदाशीण. पार्वतीबाई? बिचारी, भ्रमिष्ट. गंगाबाई? तिचं नाव निम्म्या वाचकांना आठवत नाही.

जी जळाली ती देवी झाली. ज्या जगल्या, बोलल्या, कारभारात पडल्या त्या वैरिणी झाल्या. दोस्तहो, हा निकाल पेशव्यांच्या दरबारानं दिलेला नाही. हा निकाल आज वाचक देतात, शेवटच्या कोऱ्या पानावर, पेन्सिलीनं.

आता मी तुम्हाला 'स्वामी'वरचं सगळ्यात जुनं परीक्षण सांगतो. ते कादंबरी छापून यायच्या सेहेचाळीस वर्षं आधीच लिहून झालेलं होतं. 9 मे 1916 ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या वर्गात भीमराव आंबेडकर नावाच्या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं निबंध वाचला. विषय, भारतातल्या जाती. पंचवीस वर्षं! आपल्यातले काही जण या वयात पोस्टर चिकटवायला कंटाळतात.

त्या निबंधाचं सार असं. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करून. पण नवरा-बायको एकदम मरत नाहीत. एक मेलं की दुसरं उरतं. बाई उरली तर जातीला ती धोक्याची वाटते. जातीबाहेर गेली तर जात फुटते, जातीतच दुसरा नवरा केला तर एका कुमारिकेचा नवरा कमी होतो. मग या उरलेल्या बाईचं करायचं काय? बाबासाहेब सांगतात, एक तर तिला नवऱ्यासंगं जाळायची, नाहीतर जन्मभर विधवा ठेवून तिचं बाईपण मारायचं. आणि पुरुष उरला तर? त्याला कोण जाळत नाही. त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली पोरगी आणायची. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. जातीच्या वाड्याचे हे तीन खांब.

आता 'स्वामी'चं घर उघडा. आठ वर्षांचा नवरा आणि त्याहून लहान बायको, हा बालविवाह. गोपिकाबाई, हे वैधव्य. थेऊरची चिता, ही सती. तिन्ही खांब एका घरात उभे आहेत. वाचक त्या वाड्यात शिरतो, खांबाला टेकून रडतो, आणि वाड्याला प्रेम म्हणतो.

बाबासाहेबांचं पुढचं म्हणणं तर याहून नेमकं आहे. ते म्हणतात की या चालींचं कौतुक करणारं पुष्कळ लिहिलं गेलं, पण त्या निघाल्या कशापायी हे कोणी सांगितलं नाही. चाली चालू होत्या म्हणून त्यांना मान मिळाला. मान देणारं तत्त्वज्ञान मागाहून आलं. कडू गोळीला वर्ख लावावा तसं. सती म्हणजे तन-मनाच्या एकपणाचा पुरावा असं सांगणाऱ्या आनंद कुमारस्वामींचा दाखलाही त्यांनी त्या निबंधात घेतलाय. म्हणजे रमा-माधव अमर हा शेरा वाचनालयाच्या पुस्तकावर पडायच्या आधी त्याला उत्तर देऊन झालं होतं. आपण फक्त ते वाचलं नाही.

कोणी म्हणेल, अरे, पण ती स्वखुशीनं गेली. तिचं प्रेमच होतं. असेल. तिच्या काळजात मी शिरू शकत नाही आणि कादंबरीकारही शिरू शकत नाही. पण खुशी मोजायची तर दुसरी वाट उघडी पाहिजे. मागं उरली असती तर काय वाट्याला होतं? केस काढायचे, लाल आलवण नेसायचं, चार भिंतींत एकवेळ जेवून मरणाची वाट बघायची. ज्या पेशवाईत व्यभिचाराचा ठपका ठेवून बाईला कुणबीण म्हणजे सरकारी गुलाम करत होते, त्या राज्यात बाईची खुशी कुठल्या तराजूत मोजणार? आणि प्रेमच जर माणसाला चितेवर नेत असेल, तर बायको मेल्यावर किती पेशवे चितेवर चढले? प्रेम काय एकट्या बाईलाच होतं का?

आणखी एक गोष्ट कोणी वाचक विचारत नाही. चितेला लाकडं लागतात. गावात मयत झाली की सांगावा घेऊन गावोगाव पळायचं आणि मसणात सरपण वाहायचं, हे गावगाड्यात महाराचं काम. लाकूड वाहून झालं की लांब उभं राहायचं. त्याची सावली प्रेतालाही नको. वाचकाला ज्वाळा दिसतात, फुलं दिसतात, रमेचा शालू दिसतो. लाकूड वाहणारा दिसत नाही. बाईला जाळणारी आणि माणसाला लांब उभं करणारी जात एकच आहे, हे ज्याला दिसलं त्याला 'स्वामी' कळली.

आता स्वतःकडं वळू. इथं जरा झोंबेल.

त्याच निबंधात बाबासाहेब सांगतात की वरच्यांच्या चाली खालचे उचलतात. जो वरच्याच्या जितका जवळ तितका तो जास्त चाली उचलतो. ही साथ आहे, नकलेची. आपल्यात विधवेचा पाट लागत होता. आपल्या आज्या-पणज्यांतल्या कितीतरी जणी पाटाच्या. त्यांना कोण पापी म्हणत नव्हतं. वरचे त्यावर हसायचे, म्हणायचे, यांच्यात काय, धरसोड. आता आपल्यातली दोन घरं शिकली, कॉलनीत गेली, आणि पाटाची लाज वाटायला लागली. तरणी पोरगी विधवा झाली तर तिचं दुसरं लग्न करायचं सोडून नवऱ्याच्या नावानं बसली, खानदानी आहे, असं आपलेच लोक अभिमानानं सांगतात. हा अभिमान आला कुठनं? मनुस्मृती कोणी वाचलेली नाही. तो गोष्टीतनं आला, मालिकेतनं आला, 'स्वामी'तनं आला. पोथी जाळली पण तिच्यातलं औषध गोड करून आपल्याला चमच्यानं पाजलं गेलं.

वस्तीतल्या एका वहिनींनी मला 'स्वामी'वरचं मत सांगितलं. दादा वारले तेव्हा त्या चोवीसच्या. आता शिवणकाम करतात. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मला रडू आलं नाही, भीती वाटली. मी जगले म्हणून लोक माझ्यावर नाराज आहेत असं मला अधनंमधनं वाटतं. ते का वाटतं, ते हे पुस्तक वाचून समजलं." माझ्या कानावर आलेल्या सगळ्या मतांत मला हे एकच मत परीक्षण वाटलं. पण ते त्या कोऱ्या पानावर नाही. वहिनी पुस्तकावर लिहीत नाहीत.

आपलीही एक रमा आहे. रमाई. तिचं नाव निघालं की आपलं काळीज हलतं, आणि हललंच पाहिजे. दारिद्र्य, लेकरांची मरणं, दुखणं हे सगळं सोसून ती 27 मे 1935 ला गेली. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचं आपलं पुस्तक तिच्या स्मृतीला अर्पण केलं. पण तिच्यावरची आपली गाणी ऐका. त्याग, त्याग आणि त्याग. गोवऱ्या थापल्या, उपाशी राहिली, कुरकुर केली नाही. या गाण्यांत आणि त्या पेन्सिलीच्या शेऱ्यांत काय फरक आहे ते तपासा. बाई जितकी झिजली तितकी थोर, हे माप कोणाचं? रमाईला झिजवलं ते जातीनं आणि गरिबीनं. तिच्या झिजण्याचा सण करण्यापेक्षा तिला झिजवणाऱ्यावर राग धरणं, हा तिचा मान.

सती बंद झाली ती 1829 च्या कायद्यानं, बंगालात. मुंबई इलाख्यात पाठोपाठ. तरी 4 सप्टेंबर 1987 ला राजस्थानात देवराळ्याला अठरा वर्षांची रूपकंवर चितेवर गेली आणि हजारो लोक चुनरीच्या सोहळ्याला जमले. त्यानंतर त्याच वर्षी जो कायदा झाला त्यानं सतीचा उदोउदो करणं हाही गुन्हा ठरवला. म्हणजे चिता नुसत्या लाकडांनी पेटत नाही, कौतुकानंही पेटते, हे संसदेला सुद्धा मानावं लागलं. मला 'स्वामी'वर बंदी नको. बंदीनं पुस्तकाला आणखी गिऱ्हाईक मिळतं. मला वाचक बदललेला पाहिजे.

तेव्हा वाचनालय चालवणाऱ्या पोरांनो, 'स्वामी' कपाटातनं काढू नका. तिची शिवण नीट करा. आणि तिच्या शेजारी 'आम्हीही इतिहास घडवला' ठेवा. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायांना गाठून, त्यांच्या तोंडनं ऐकून लिहिलेलं, 1989 चं पुस्तक आहे. त्याच्या शेजारी बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं', शांताबाई कांबळेंची 'माज्या जल्माची चित्तरकथा', कुमुद पावडेंचं 'अंतःस्फोट', उर्मिला पवारांचं 'आयदान'. या जगलेल्या बायांच्या गोष्टी आहेत. 20 जुलै 1942 ला नागपुरात दलित महिला परिषदेला पंचवीस हजार बाया जमल्या होत्या, बाबासाहेबांसमोर. लेकरं काखेत घेऊन आल्या, ठराव करून गेल्या. त्यांच्यावर एवढी खपणारी एखादी कादंबरी अजून का नाही, याचा जाब दुसऱ्याला विचारू नका. लिहिणारे आपणच आहोत.

जो कोणी 'स्वामी' घरी नेईल त्याला परत देताना तीन प्रश्न विचारा. यातली कोण जगली? तिच्याबद्दल तुझं मत काय? आणि लाकडं कोणी वाहिली? उत्तरं वहीत लिहून घ्या. वही भरली की आपल्या अंकाकडं धाडा, आपण छापू. वहिनींचं उत्तर पहिल्या पानावर घेऊ. त्यांना मी विचारलंय, त्या हो म्हणाल्यात.

जय भीम.